सापाचा आणि आरमाराचा संबंध काय?

देवगडचा मास्तर (प्रश्न)
शाळेच्या इतिहास दालनासाठी मी अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाची काही व्यंगचित्रे छापून घेतली आहेत. त्यांपैकी १८६१ मधील ‘स्कॉट्स ग्रेट स्नेक’ या नकाशाचित्रात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना एका प्रचंड सापाने विळखा घातलेला आहे. ते मी ‘सागरी युद्ध’ या फळ्यावर लावले, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, सापाचो आणि आरमाराचो संबंध काय?” मला चटकन उत्तर देता आले नाही. शिवाय उत्तरेच्या ‘मॉनिटर’ या चिलखती नौकेला लोक ‘तराफ्यावरचा चीजचा डबा’ म्हणत, हे सांगूनही वर्गात कोणी हसले नाही.

खारे वारे, रत्नागिरी
सापाचे अंग म्हणजेच आरमार. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि वयोवृद्ध सेनापती विनफिल्ड स्कॉट यांनी किनाऱ्याबरोबर मिसिसिपी नदीही ताब्यात घेऊन शत्रूचा श्वास कोंडावा, अशी योजना मांडली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा होता आणि जहाजे तुटपुंजी होती. उत्तरेतील वर्तमानपत्रांना तर दक्षिणेची राजधानी रिचमंडवर ताबडतोब चाल करून जायची होती. त्यामुळे भक्ष्य आवळत बसणाऱ्या या अजगराची त्यांनी यथेच्छ टर उडवली. पुढे युद्ध बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेले, हे ठाऊक असणाऱ्याला आज ते चित्र थट्टेपेक्षा साध्या नकाशासारखेच दिसते.

थळचा वाचक
मुलांना नाकेबंदी समजावायची असेल, तर खांदेरीपासून सुरुवात करावी. १६७९ मध्ये इंग्रजांनी त्या बेटाला जहाजांचा वेढा घातला असताना मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोहोचवत होत्या. अमेरिकेतील युद्धात नासाऊ आणि बर्म्युडा या बेटांवरच्या बंदरांतून दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदराकडे निघणाऱ्या करड्या रंगाच्या वेगवान आगबोटी नेमके हेच करत होत्या. विळख्यातल्या या फटी दाखवल्याखेरीज सापाचे चित्र अर्धवटच राहते.

जुनी छापील चित्रे
चीजचा लाकडी गोल डबा आपल्याकडे कोणी पाहिलेलाच नाही, मग हसू येणार कुठून? देवगडला हापूसची पेटी आठवेल, पण ती चौकोनी असते. ‘मॉनिटर’चा तोफांचा बुरूज गोल होता, व्यास वीस फूट आणि उंची नऊ फूट, आणि त्यात दोन तोफा बसवलेल्या होत्या. डेक पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर असल्याने दुरून नुसता बुरूजच तरंगताना दिसे. म्हणून ‘तराफ्यावर उपडा घातलेला टोप’ असे सांगून पाहावे. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या पाण्यात दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौकेशी झुंजलेली नौका ती हीच. आदल्याच दिवशी ‘व्हर्जिनिया’ने उत्तरेच्या दोन मोठ्या लाकडी युद्धनौका नष्ट केल्या होत्या, हे आधी सांगितले तरच टोपाची गंमत खुलते.

माझ्या मते मात्र फळ्यावर ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातील डिसेंबर १८६१ चे ‘वेटिंग फॉर ॲन आन्सर’ हे व्यंगचित्रकार टेनियल यांचे चित्रही असावे. ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेचे दोन दूत पकडून नेल्यावर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटन, तोफेपाशी उभी राहून अमेरिकेच्या उत्तराची वाट पाहते आहे. त्यात एकही गोळा सुटलेला नाही, तरी सबंध प्रकरण त्या उभे राहण्यातच आहे.

देवगडचा मास्तर
सर्वांचा आभारी आहे. काल फळ्यावर तराफा काढून त्यावर उपडा टोप ठेवला आणि तो लोखंडाचा आहे असे सांगितले. वर्ग हसला, त्याच मुलाने पुन्हा हात वर केला, “सर, मग आतल्यांका उकडला नाय?”