मदत हवी आहे: साताऱ्यात घर, तोंड पश्चिमेला, एलेव्हेशन ठरेना

अनघा_गोडोली

नमस्कार मंडळी. इथे घरबांधणीचे धागे भरपूर आहेत, पण बहुतेक किचन ट्रॉली आणि टाइल्सचे. माझा प्रश्न घराच्या बाहेरच्या रूपाचा आहे.

साताऱ्यात गोडोलीच्या पुढे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला तीस बाय पन्नासचा प्लॉट. तळमजला आणि वर एक मजला. आरसीसी सांगाडा उभा आहे, वीटकाम संपलंय, आतला गिलावा चालू आहे. बाहेरचा गिलावा पाऊस उघडला की सुरू होईल, म्हणजे ठरवायला तेवढाच वेळ. रस्ता पश्चिमेला आहे, त्यामुळे घराचं तोंडही तिकडेच. खाली पोर्च आणि हॉलची मोठी खिडकी, वर बेडरूमला चार फुटी बाल्कनी, आणि उजव्या हाताला गच्चीपर्यंत गेलेला जिना.

इंजिनिअरसाहेबांनी थ्रीडी पाठवलंय. गडद करडा आणि पांढरा रंग, मधून केशरी पट्टा, बाल्कनीभोवती एसीपीची (ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पॅनेलची) चौकट, जिन्याला वरपासून खालपर्यंत काच, पोर्चला लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या. चित्रात दारात लांबलचक परदेशी गाडी उभी आहे. आमच्या दारात ॲक्टिव्हा असणार, तेव्हा तेवढा भाग मी मनातल्या मनात खोडला. बाकीचंही खोडावंसं वाटतंय, पण त्या जागी काय काढायचं ते कळत नाही.

घरात तीन पक्ष आहेत. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून आल्यापासून सासऱ्यांना कमानी आणि महिरपी हव्यात. नवऱ्याला थ्रीडी पसंत आहे, 'सगळीकडे हेच चालू आहे' हा त्याचा मुद्दा. मला पाचगणीचे जुने बंगले आवडतात: दगडी भिंती, उतरतं छप्पर, लांब व्हरांडा. लेक म्हणते सगळं पांढरं करा, खिडक्या निळ्या.

बाहेरच्या सगळ्या कामाला मिळून पाच लाख आहेत, रंग धरून. यातलं आपल्या हवेला कोणतं सोसेल? दगड लावावा का? जिन्याला काच कितपत शहाणपणाची? आणि दर दोन वर्षांनी परांची बांधून रंग काढायची आमची तयारी नाही.

पेन्सिलतासलेली

तीन पक्ष आहेत तर तीन मजले चढवा, प्रत्येकाला एक. चौथा लेकीला.

(गंमत केली हो. जाणकार येईपर्यंत धागा वर राहू दे.)

गावभागकर

सांगलीहून लिहितोय. दगड लावायचा असेल तर आधी गवंडी कोण आहे ते बघा, दगड नंतर. विश्रामबागेत आमच्या मावसभावाकडे दर्शनी भिंतीला वरच्या मजल्यापर्यंत काळ्या दगडाच्या पट्ट्या नुसत्या सिमेंटच्या रबडीवर चिकटवल्या होत्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पोर्चवर दोन पट्ट्या पडल्या. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. वीस मिलिमीटर जाडीचा काळा पाषाण चौरस फुटाला पाच-साडेपाच किलो भरतो, त्यामुळे उंचावर लावताना टाइल ॲडेसिव्ह हवंच आणि शिवाय स्टीलच्या क्लॅम्पने धरलेला हवा. दगडवाला हे सांगत नाही, कारण क्लॅम्पचं बिल वेगळं होतं.

तुम्हाला पुराची भीती नाही, पण आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गल्लीत फिरून बघितलं. घडीव दगडाचं जोतं असलेली जुनी घरं पाइप मारून धुतली की परत होती तशी. नव्या घरांच्या लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या फुगून बाहेर आल्या होत्या आणि पॅनेलमागे गाळ अडकून महिनाभर वास मारत होता. तेव्हापासून भिंतीवर काहीतरी चिकटवून शोभा आणायची म्हटलं की मला तो वास येतो.

सज्जा

मी आर्किटेक्ट आहे, कराडला काम करते. जरा लांब लिहिते.

अनघाताई, तुमच्या घरातले चौघंही शैलीबद्दल भांडताहेत, आणि पश्चिमेच्या भिंतीबद्दल कोणीच बोलत नाही. साताऱ्यात ही भिंत दोन मार खाते. जून ते सप्टेंबर कासच्या बाजूने वाऱ्यावर येणारा आडवा पाऊस, आणि मार्च ते मे दुपारी तीननंतरचं ऊन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य साताऱ्यात बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा भिंतींना त्याचा फारसा त्रास नाही. त्रास तो उतरायला लागल्यावर. पाच वाजता ऊन इतकं तिरकं येतं की दीड फुटी छज्जा त्याला अडवूच शकत नाही. आता याच भिंतीवर करडा रंग, एसीपीची चौकट आणि दोन मजली काच लावा. जिना भट्टी होईल, आणि त्याला लागून जी खोली आहे तीही. एसीपीचे जोड सिलिकॉनवर असतात, ते उन्हाने कडक होऊन सुटतात, मग पाणी पत्र्यामागे जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. स्वस्त पॅनेलच्या पोटात प्लास्टिक असतं, ते पेटतं हेही नवरोबांच्या कानावर घाला.

आता सासऱ्यांचा वाडा. मेणवलीला पुन्हा गेलात तर वाडा आधी बाहेरून बघा. वाड्याची बाहेरची बाजू अतिशय मुकी असते. खाली दगडी जोतं, वर जाड भिंत, खिडक्या थोड्या, आणि एकच मोठा दरवाजा, त्यात दिंडी, म्हणजे छोटं दार. खांब, महिरपी, नक्षी हे सगळं आत, चौकाभोवती. पेशवाईतल्या माणसाने रस्त्यावरच्यांना दाखवायला घर बांधलं नव्हतं. त्यामुळे फायबरच्या कमानी बाहेर चिकटवून वाडा होत नाही, त्याचं मंगल कार्यालय होतं. सासऱ्यांना खरा वाडा द्यायचा असेल तर जोतं घडीव दगडाचं करा, पोर्चमध्ये बसायला दगडी ओटा द्या, आणि मुख्य दार सागवानी, जाड चौकटीचं, शेजारी दिव्यासाठी देवळी. चौक आता करता येणार नाही, तो नकाशातच असावा लागतो.

तुमची पाचगणी. ते बंगले तिथल्या पावसातून घडलेत. उतार तीव्र, कारण पाणी थांबता कामा नये. व्हरांडा खोल, कारण भिंतीला पाणी लागू द्यायचं नाही. महाबळेश्वरात तर पावसाळ्याआधी भिंती गवताने, हल्ली प्लास्टिकने, झाकून टाकतात. साताऱ्यात पाऊस त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि तुमचा स्लॅब सपाट पडलाय. त्यावर पुन्हा उतरता सांगाडा चढवलात तर गच्चीही गेली आणि सोलरची जागाही. पण बंगल्यांतला खोल व्हरांडा जरूर उचला. पोर्च आणि बाल्कनीवर एमएसच्या (लोखंडी) सांगाड्यावर मंगळुरी कौलं घाला, उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे आडव्या पावसात पाणी उलटं आत शिरत नाही. कौल अडीच-तीन किलोचं असतं, ते धरून सांगाड्याचा हिशेब करून घ्या. अजिंक्यताऱ्याखाली माकडं असतात. कडेची कौलं तारेने बांधून घ्या आणि वीस-पंचवीस जास्तीची माळ्यावर ठेवा.

पांढरं आणि निळं ग्रीसच्या ज्या बेटांवरून आलंय तिथे पाऊस आपल्या मानाने किरकोळ, तोही हिवाळ्यात. आपल्याकडे दुसऱ्याच श्रावणात खिडक्यांखाली हिरव्या मिशा येतात. लेकीला तिच्या खोलीचं दार निळं करून द्या.

तुमच्या यादीत नसलेला एक पर्याय आहे. मुंबईला मरीन ड्राइव्हवरच्या १९३०-४० च्या इमारती आठवा, २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या त्या. खिडक्यांवर भुवयांसारखे लांब सलग छज्जे, गिलाव्यातच काढलेल्या आडव्या पट्ट्या, बाल्कनीला साधं लोखंडी रेलिंग. गोल कोपरे तुम्हाला आता मिळणार नाहीत, सांगाडा चौकोनी आहे. पण बाकीचं सगळं सिमेंट, वाळू आणि चांगला गवंडी यांच्यात होतं. काही चिकटवावं लागत नाही, म्हणून काही सुटून पडत नाही. नवऱ्याला हवी तशी सरळ रेषही मिळते. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं: दगडी जोतं, वर फिक्या रंगाचा गिलावा, आडव्या रेषा, आणि पोर्च-बाल्कनीला कौलं.

कच्चीवीट

सगळे गिलाव्यावर का आलात? कराड-सांगलीकडे नदीकाठच्या भट्ट्यांची वीट मिळते, ती उघडीच ठेवा. रंगाचा खर्च कायमचा संपला.

सज्जा

वीटकाम झालंय आणि ते गिलाव्यासाठी केलेलं आहे. त्यात विटांमधल्या दरजा (सांधे) सरळ नसतात, अर्ध्या विटा, तुकडे सगळं असतं. उघडं ठेवायचं काम पहिल्या थरापासून निवडक विटांनी करावं लागतं. आणि पश्चिमेला उघडी भट्टीची वीट पावसाचं पाणी पिते. बाहेरून पातळ वीट-टाइल लावा म्हणाल, तर पुन्हा गावभागकरांच्या मावसभावाकडे पोचलो.

कच्चीवीट

जिन्याच्या भिंतीपुरती तरी? काच काढली तर तिथे काहीतरी हवंच ना.

सज्जा

तिथे मातीची किंवा सिमेंटची जाळी चालेल. हे बरं सुचवलंत.

जुना_ओव्हरसियर

नोकरीत असताना सरकारी इमारतींच्या भिंती ओल्या का होतात याचे कागद भरण्यात बरीच वर्षं गेली. मॅडमनी रूप सांगितलं, मी गिलाव्याचं सांगतो, कारण एलेव्हेशन बिघडतं ते इथे.

बीम-कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतं तिथे चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारल्याशिवाय गिलावा करू देऊ नका. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी प्रसरण पावत नाहीत, बरोबर त्या रेषेत तडा जातो आणि पश्चिमेचा पाऊस तोच शोधून काढतो. जाळी दोन्हीकडे सहा-सहा इंच गेली पाहिजे. बाहेरचा गिलावा दोन थरांत, मिळून वीस मिलिमीटर. पहिला थर खरबरीत ठेवायचा आणि त्यावर पाणी मारायला माणूस नेमायचा. 'मारलं हो सकाळीच' यावर विश्वास ठेवू नये, हात लावून बघावं.

गच्चीच्या कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता ठेवा. सपाट ठेवला की धूळ साठते आणि पहिल्या पावसाला ती दर्शनी भिंतीवरून खाली ओघळते. नव्या घरांवर काळे ओघळ दिसतात ते बहुतेक याच कारणाने, रंगाच्या कंपनीला लोक उगाच शिव्या देतात.

गिलावा पुरता वाळल्याशिवाय रंग नको. वास्तुशांतीची तारीख आधी काढून रंगाऱ्याच्या मागे लागू नका.

अनघा_गोडोली

सगळ्यांचे आभार. सज्जा, तुमचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. मंगल कार्यालयावर ते रागावले, मग स्वतःच म्हणाले की मेणवलीचा वाडा बाहेरून कसा होता ते मला आठवतच नाही. दगडी ओटा आणि देवळीवर समझोता झालाय. ओट्यावर संध्याकाळी कोण बसणार तेही त्यांनी ठरवून टाकलंय.

नवरा काचेवर अडून आहे. जिन्यात उजेड येणार नाही म्हणतो. जाळी लावली तर पाऊस आत येईल, हेही त्याचं बरोबर आहे. जोत्याला दगड कुठला घ्यावा? एकाने कोकणातला जांभा सुचवलाय. शिवाय आडव्या पट्ट्या गिलाव्यात करायच्या म्हटल्यावर आमचा गवंडी म्हणाला, त्यात पाणी साठेल.

सज्जा

गवंडी हुशार आहे, त्याला सोडू नका. पट्टी भिंतीच्या बाहेर काढायची, खोदायची नाही. वरची कड उतरती आणि खालच्या कडेला आतून खाच. छज्जांनाही तेच: खालून, कडेपासून इंच-दीड इंच आत, बोटभर रुंदीची खाच पूर्ण लांबीभर. थेंब तिथे तुटून खाली पडतो, भिंतीकडे जात नाही. गिलावा ओला असतानाच पट्टी दाबून ती काढतात, नंतर कटरने कापलेली तेवढी नीट येत नाही.

जांभा कोकणातून घाटाने वर येतो आणि दिसतो सुंदर, पण सच्छिद्र आहे. जोत्यावर गच्चीचं आणि रस्त्याचं दोन्ही पाणी उडतं, तो तिथे शेवाळणार. जोत्याला आपला काळा पाषाण घ्या. दोन-अडीच फुटांच्या उंचीला पडायची भीती नाही, पण ॲडेसिव्हवरच लावा आणि दरजा नीट भरून घ्या.

जिन्याचं असं करा. बाहेरून जाळी, तिच्या आत हातभर अंतर सोडून साध्या सरकत्या काचेच्या खिडक्या, प्रत्येक वळणावर एक. मधल्या जागेच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार आणि पाणी जायला भोकं. ऊन जाळीवरच अडतं, उजेड राहतो, आणि काच पुसायला परांची बांधावी लागत नाही. हातभर जागा आतून निघत नसेल तर जाळी बाहेर काढावी लागेल, ती सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत) किती येते ते मंजूर नकाशावर इंजिनिअरसाहेबांकडून तपासून घ्या. पोर्चची कौलं पुढे काढतानाही तेच बघा.

जुना_ओव्हरसियर

त्या मधल्या जागेत कबुतरं घर करतील. जाळीची भोकं दोन इंचांहून मोठी घेऊ नका.

अनघा_गोडोली

कबुतरांचं इंजिनिअरसाहेबांना आजच सांगते. जाळीचे नमुने बघायला रविवारी कराडला येतोय. सज्जा, कुठल्या दुकानात बघायचे ते व्यनि करता का?