मदत हवी आहे: ट्रॉलरच्या गिअरबॉक्सवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 18 की 5 टक्के?

हर्णैची लाकडी ट्रॉलर आहे, मासेमारी परवाना आणि नोंदणी चालू. मरीन गिअरबॉक्स गेला. दातांचे तुकडे तेलात आले, हाउसिंगलाही चीर आहे, त्यामुळे दुरुस्ती सुचवू नका. अलंगच्या जहाजतोडणीतला जुना माल पाहिला, रेशो जुळत नाही. जपानहून नवीन मागवतोय, विमानाने, कारण 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठते.

माल 3 लाख (एफओबी, म्हणजे भाडं-विम्याशिवायची किंमत), भाडं 75 हजार. सीएचएने (कस्टममधून माल सोडवणारा एजंट) आधी पूर्ण भाडं धरलं होतं. विमानभाडं कस्टम मूल्यात एफओबीच्या 20 टक्क्यांपर्यंतच धरतात हे दाखवल्यावर 60 हजार केलं. विम्यासह मूल्य 3,63,375. त्यावर 7.5 टक्के ड्युटी, ड्युटीवर 10 टक्के सरचार्ज. इथपर्यंत वाद नाही.

घोडं अडलंय आयजीएसटीवर. सीएचए 8483 (गिअरबॉक्सचा कस्टम कोड) खाली 18 टक्के लावतोय. माझ्या मते 8902 या कोडमधल्या मासेमारी नौकेचा भाग म्हणून 5 टक्के लागावा. ऑगस्ट 2018 च्या जीएसटी परिपत्रकात अशा नौकेच्या इंजिनाला 5 टक्केच सांगितलाय. तो म्हणतो, ते इंजिनापुरतं. फरक 51 हजारांचा, आणि ताजी मासळी करमुक्त असल्याने भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळणार नाही.

आयईसी (आयात-निर्यात कोड) आहे. पैसे भरून नंतर परतावा मागत बसणं नको.

न्हावा शेवा किंवा सहार एअर कार्गोला कुणी गिअरबॉक्स 5 टक्क्यांनी सोडवलाय का? बिल ऑफ एंट्रीसोबत (कस्टमला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) काय जोडलं: नौकेचं नोंदणीपत्र, मत्स्य विभागाचं पत्र, की फक्त हमीपत्र?