आतडी चिकटू नयेत म्हणून: फिल्म, ओला मॉप की मालीश?

सर्जन, यवतमाळ जिल्हा
पोट उघडून ऑपरेशन केलं की 10 पैकी 9 जणांत आत कुठे ना कुठे आतडी किंवा अवयव एकमेकांना चिकटतातच. बहुतेकांना त्रास होत नाही. पण आतडं अडकून पिळलं तर जीवावर बेततं. तरी चिकटू न देणाऱ्या महागड्या फिल्मवर, म्हणजे आत ठेवायच्या पातळ पडद्यावर, ग्रामीण रुग्णालयाने पैसा घालू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) शिस्त.

आतड्यावरचं अस्तर एका पेशीच्या थराचं. कोरडा मॉप (ऑपरेशनमध्ये वापरायची कापडी घडी) एकदा फिरला की त्याची चकाकी जाते, बारीक लाल ठिपके उमटतात. काही तासांत तिथे फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं चिकट प्रथिन) साचतं. साधारण 3 दिवसांत ते विरघळलं नाही तर त्यात तंतू विणले जातात आणि चिकटलेलं कायमचं होतं. अस्तर 5 ते 7 दिवसांत भरून येतं, म्हणजे सगळी लढाई त्या आठवड्याची. म्हणून मॉप कोमट सलाइनमध्ये (मिठाच्या निर्जंतुक पाण्यात) भिजवून पिळलेला हवा. विदर्भातल्या मे महिन्यात एसी बंद पडला तर बाहेर काढलेलं आतडं बघता बघता सुकतं, ते ओल्या मॉपखालीच ठेवा. रक्त साचू देऊ नका. पावडरचे ग्लोव्हज नकोत. अमेरिकेने ते 2017 मध्ये बंद केले.

स्त्रीरोगतज्ज्ञ, वर्धा
सर, शिस्त हवीच. पण फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) काढल्यावर गर्भाशयावर टाक्यांची खरबरीत रेघ राहते, ती ओल्या मॉपने झाकली जात नाही. मूल हवं असलेल्या बाईची गर्भनलिका तिथे ओढली गेली तर? सेल्युलोजची फिल्म साधारण 8 तासांत जेल होते आणि ते नाजूक दिवस दोन पृष्ठभाग वेगळे ठेवते. बाई गरीब म्हणून तिला ती मिळू नये, हे मला मान्य नाही.

सर्जन, यवतमाळ जिल्हा
मॅडम, फायब्रॉइडपुरतं मान्य. पण रक्त पुरतं थांबलेलं नसेल तर तीच फिल्म काळी पडते आणि निकामी होते. दुसऱ्या प्रकारची, हायलुरोनेटची फिल्म आतड्याच्या ताज्या जोडाभोवती गुंडाळली तर जोड गळण्याचा धोका वाढतो. ‘फिल्म लावली, आता निश्चिंत’ ही भावनाच घातक. चिकटू नये म्हणून पोटात लिटरभर रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं पाणी) सोडण्याचाही उपयोग नाही, साधारण दिवसभरात शरीर ते शोषून घेतं. शक्य असेल तिथे दुर्बिणीने करा. चिकटणं कमी होतं, थांबत नाही.

फिजिओथेरपिस्ट, अमरावती
पेशंटला लवकर चालवण्याबद्दल कुणीच बोलत नाही. त्याने आतडी मोकळी राहतात. टाके भरल्यावर हलकी मालीशही द्यावी.

ओटी सिस्टर, मेळघाट
चालवणं हवंच, भाऊ. आतड्यांची हालचाल लवकर सुरू होते, पायात गुठळी होत नाही. पण त्याने चिकटणं टळतं याला भक्कम पुरावा नाही. मालीशीचं तर गावात सांगूच नका. उद्या कुणी अडकलेलं आतडं चोळत बसेल!

डिस्चार्ज कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: पोट फुगलं, कळा येतात, हिरवी उलटी झाली, संडास आणि वारा दोन्ही बंद, तर एरंडेल किंवा जुलाब देऊ नका. तोंडाने काही न देता लगेच निघा. धारणीहून अमरावतीला घाट उतरून जायचं असतं, सकाळची वाट पाहू नका. आणि हे वर्षांनंतरही होऊ शकतं. जुन्या ऑपरेशनचा कागद जपून ठेवायला सांगा.