प्रिंटर दिसत नाही म्हणून फायरवॉल बंद करायला सांगणाऱ्यांनो, जरा थांबा

खाडीकाठ
काल एकाने इथे लिहिलं, "दुकानातला प्रिंटर दुसऱ्या पीसीवर दिसत नसेल तर फायरवॉल सरळ बंद करा, पाच मिनिटांत काम." खाली अंगठ्यांची रांग! नको ती कनेक्शन अडवणारी फायरवॉल म्हणजे पीसीचं दार. कडी अडकते म्हणून दारच काढून ठेवायचं का? नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' करा, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'चा तयार नियम चालू करा, स्कोप, म्हणजे परवानगी कुणाला, ती 'लोकल सबनेट' म्हणजे दुकानातल्याच नेटवर्कपुरती ठेवा. झालं. ४४५ हा फाइल-प्रिंटर शेअरिंगचा पोर्ट दुकानापुरता उघडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच ४४५ मधून पसरला होता, आठवतं ना?

लाल_माती
तो 'एक' मीच. रत्नागिरीत अकरा वर्षं दुकानं फिरतोय. ३१ मार्चला गिऱ्हाईक बोंबलत असतं, तेव्हा त्याला स्कोप शिकवू? इथे निम्म्यांना केबलवाल्याचं सीजीनॅट आहे, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत मिळून बाहेरचा एकच आयपी. बाहेरून ४४५ ठोठावणार कोण? आणि वॉनाक्रायचा पॅच मार्चमध्येच आला होता. अपडेट केलं नाही ते बुडाले.

खाडीकाठ
बाहेरून नाही, शेजारच्या पीसीवरून येतं. जून २०१७ चा नॉटपेट्या व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, मग आतल्या आत पसरला. जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्यात ठप्प झालं. तिथे नॅट नव्हतं असं म्हणायचंय का?

लाल_माती
तो चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत होता. आणि तुम्ही प्रिंटरसाठी ४४५ उघडा ठेवलाच आहे, तो तिथूनच गेला असता. मग तुमच्या स्कोपची पूजा घालायची?

खाडीकाठ
हे बरोबर आहे, मान्य. पण ज्या पीसीला प्रिंटर जोडलाय तेवढाच उघडायचा, बाकीचे बंद. आणि तुमच्या पाच मिनिटांत ४४५ बरोबर ३३८९ सुद्धा मोकळा होतो. त्यावरचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून पीसी चालवायची सोय, चालू असेल तर बसा बोंबलत.

हापूस_आणि_हाल
माझ्या बागेत कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आहे. मोबाइलवर दिसावं म्हणून स्टॅटिक आयपीचे पैसे भरले आणि बसवणाऱ्याने राउटरवर पोर्ट उघडून दिलं. माकडं फार त्रास देतात. ते बंद करावं का?

घाटउतार
२०१६ मध्ये मिराय नावाचा व्हायरस अशाच कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्ये टेलनेट या दुरून लॉगिनच्या जुन्या सोयीवरून शिरला होता, कंपनीचा मूळ पासवर्ड वापरून. तुमचा पासवर्ड बदललाय का, काका?

हापूस_आणि_हाल
पासवर्ड बसवणाऱ्याकडे आहे.

मालवणी_खाजा
माकडाक कॅमेऱ्याची भीती कसली? आमच्या वाडीत माकडान कॅमेरोच उपटून नेल्यान.

लाल_माती
कॅमेरे माकडांसाठी नसतातच. राखणदार झोपतो का ते बघायला असतात. खरं बोला.

हापूस_आणि_हाल
तोंड सांभाळा. माझ्याकडचा नेपाळी माणूस नऊ वर्षं आहे, घरचाच आहे. तुम्ही एक रात्र बागेत काढून दाखवा, मग बोला.

मालवणी_खाजा
काका, फटाके लावा. फायरवॉल हीच!

खाडीकाठ
विषय माकडांचा नव्हता हो.

घाटउतार
फायरवॉलवाल्यांनीही फार शहाणपणा करू नये. मी पुण्यात बसून चिपळूणच्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यू, म्हणजे लिनक्सची फायरवॉल, चालू केला, दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या २२ पोर्टला परवानगी द्यायची राहिली. 'एसएसएच तुटू शकतं' असं त्याने विचारलंही होतं, मी वाय दाबलं. रात्रीची एसटी, जुलैचा पाऊस, कुंभार्ली घाटात दोन तास अडकलो. तिथे पोचून कीबोर्ड लावला आणि एक ओळ टाइप केली. आधी अलाउ, मग एनेबल. आता झोपेतही म्हणेन.

लाल_माती
बघा! बंद असता तर घरी झोपला असता.

घाटउतार
हो, आणि दुसरंच कुणी सर्व्हरवर जागं असतं.

लाल_माती
बरं, सोमवारी एका दुकानात तुमचा स्कोप करून बघतो. प्रिंटर हलला नाही तर गिऱ्हाइकाला तुमचा नंबर देणार.

हापूस_आणि_हाल
पुतण्याकडून राउटरवरचं पोर्ट बंद करून घेतलं. आता मोबाइलवर बाग दिसत नाही. माकडं आलीत का, ते कोण सांगणार?