'डबल इंडेम्निटी'ला मराठीत काय म्हणावं?

निशाचर:
बिली वाइल्डरच्या १९४४ च्या 'डबल इंडेम्निटी' या सिनेमाची, क्रायटेरियन कंपनीनं २०२२ मध्ये काढलेली फोर-के (अतिस्पष्ट चित्राची) डिस्क अखेर हाती आली. आमच्या फिल्म मंडळासाठी टिपण लिहायला बसले आणि शीर्षकापाशीच अडले. 'दुहेरी क्षतिपूर्ती' म्हणजे थेट स्टँपपेपर. 'दुप्पट भरपाई' म्हटलं की अतिवृष्टीचे पंचनामे आठवतात. काही सुचतंय?

विमेकरी:
ताई, हे अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम देणारं विम्याचं कलम, तिथं भरपाई नकोच. आगीचा, मोटारीचा विमा भरपाईचा असतो. नुकसान झालं तेवढंच मिळतं, वर दमडी नाही. माणसाच्या जिवाचं मोल कसं करणार? म्हणून तिथं आधी ठरलेली रक्कम देतात. काटेकोर पाहिलं तर इंग्रजी नावच चुकीचं आहे, पण अमेरिकेत रुळलं. आपल्याकडे आयुर्विम्यात त्याचा भाऊबंद म्हणजे 'डबल ॲक्सिडेंट बेनिफिट'. मराठीत 'दुहेरी अपघात लाभ' म्हणा. सिनेमातला वॉल्टर नेफ विमा एजंटच, आमच्या जातीचा. प्रेयसी फिलिसच्या नवऱ्याला पत्ता न लागू देता अपघात विम्यावर त्याची सही मिळवतो, मग त्याला मारायचा दोघांचा बेत. नवरा रेल्वेच्या अपघातात गेला, तर ५०,००० डॉलरचे १,००,००० होणार. आता 'लाभ' शब्द पुन्हा वाचा.

निशाचर:
काटा आला! पण दुहेरी की दुप्पट?

पाटीदप्तर:
दुप्पट रकमेला, दुहेरी पदराला. दोरा दुहेरी, पगार दुप्पट. इथं पैसे दुप्पट आणि माणसं दुहेरी, त्यामुळे दोन्ही चालतील. माझं मत मात्र 'दामदुप्पट'ला.

विमेकरी:
दामदुपट हा तर ऋणकोला वाचवणारा नियम! एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजांची कोर्टंही तो मानत.

पाटीदप्तर:
नियमात मर्यादा होती, बोलण्यात हाव आली. आज 'दामदुप्पट योजना' ऐकलं की लोक आधी पाकीट चाचपतात. हाच वास शीर्षकाला हवा.

निशाचर:
पटलं. आणखी एक. ज्या खिडक्यांतून नेफच्या अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे पट्टे पडतात, त्या पडद्यांना काय म्हणू? जॉन साइट्झचं छायाचित्रण फोर-केत असलं दिसतं की धूळसुद्धा मोजावी.

पाटीदप्तर:
आमच्या आजीच्या घरी आडव्या फळ्यांच्या खिडकीला 'झिलमिल' म्हणत. नव्या वाचकाला कळणार नाही, तेव्हा 'पट्ट्यांचे पडदे' लिहा. आणि अशा काळोख्या गुन्हेपटांना म्हणतात त्या 'न्वार'चं 'कृष्णपट' करू नका, लोक कृष्णधवल समजतील. नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकानं १९४६ मध्ये हे नाव वापरलं, ते आहे तसंच राहू द्या.

विमेकरी:
नेफच्या कंपनीत दावे तपासणाऱ्या कीजवर दोन ओळी लिहाच. आत्महत्यांचे तक्ते त्याला तोंडपाठ: विषानं किती, उडी मारून किती. चालत्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून उडी? एकही नाही. आमच्या क्लेमच्या साहेबांना हा प्रसंग दाखवला, तर ते म्हणाले, ''आधी पंचनामा कुठाय?''