लेकरू पन्नासपर्यंत म्हणतं, पण सात चिंचोके मोजता येत नाहीत

सेलूची_आई:
मुलगी साडेचार वर्षांची आहे. एक ते पन्नास घडाघडा म्हणते. समोर ७ चिंचोके ठेवले की कधी ९ सांगते, कधी ६. "किती झाले?" विचारलं की परत एकपासून सुरू. घरात चिंचोके, ज्वारी, तुराट्या, बाटल्यांची झाकणं आहेत. कशापासून सुरुवात करावी?

पाटीपेन्सिल:
ताई, पन्नासपर्यंत म्हणणं हे पाठांतर झालं, मोजणं अजून यायचंय. ७ चे ९ होतात तेव्हा तोंड बोटाच्या पुढं पळतं, नाहीतर एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. ६ होतात तेव्हा एखादा सुटतो, किंवा 'स-हा' म्हणताना दोन ठोके पडतात आणि बोट दोन चिंचोक्यांवरून जातं. आधी दोन दिवस नुसतं बघा, नेमकं काय होतंय ते कळेल.

मग स्टीलच्या दोन ताटल्या घ्या. एकीतून चिंचोका उचलायचा, दुसरीत टाकायचा, आणि टण् वाजलं की मगच आकडा म्हणायचा. त्या आवाजानं तोंडाला आपोआप लगाम बसतो. मोजलेले वेगळे पडल्यामुळं दोनदा मोजणंही थांबतं. ओळीत मांडून बोट लावणं त्याच्या नंतर. गोलात मांडलेले सगळ्यात शेवटी, कारण सुरुवात कुठून केली ते लेकरू विसरतं.

परत एकपासून सुरू करते, म्हणजे शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा आकडा, हे तिच्या मनात बसलेलं नाही. "मोज" म्हणण्यापेक्षा "मला ३ दे" म्हणा. मूठभर उचलून दिले तर ३ वरच थांबा. रोज ५-७ मिनिटं पुरे. बिनचूक जमू लागले की ४, मग ५. घाई इथंच नडते. पन्नासचं कौतुक असतं, म्हणून ३ वर थांबायला घरच्यांना जड जातं.

बांधावरचा:
वस्तूंबद्दल थोडं. ज्वारीचे दाणे नकोत, इतक्या लहान बोटांना एकेक उचलणं अवघड जातं. चिंचोके, सागरगोटे, झाकणं चांगली. पण घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर चिंचोके, हरभरे, शेंगदाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. त्याच्यासाठी वाट्या आणि मोठी झाकणं.

पेरणीतून उरलेलं सोयाबीन किंवा सरकी अजिबात घेऊ नका. बीजप्रक्रियेचं औषध त्याला लागलेलं असतं, रंगीत दिसतं म्हणून लेकरं तेच आधी उचलतात. बांधावरच्या एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण दोन्ही विषारी.

सेलूची_आई:
सागरगोटे आहेत घरात, ताटल्यांनी आजच सुरू करते. दहाच्या पुढं गेल्यावर तुराट्या चालतील का?

गठ्ठेवाले_गुरुजी:
चालतील, पण तुराटीची कूस बोटात जाते. खराट्याच्या काड्या घ्या, चार-चार इंचांच्या कापा, टोकं घासून घ्या. दहा मोजून रबर लावायचं, ही झाली एक पेंडी. पेंडी लेकरानं स्वतः बांधायची. आयती बांधलेली दिली तर आत दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. आणि दहाच्या बदल्यात एकच निळी काडी, असली अदलाबदल इतक्यात नको.

आपल्या भाषेत खरी अडचण विसाच्या पुढं येते. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र २ आधी. म्हणून लेकरं ३२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन आलं ते यासाठीच, त्यावर बराच वादही झाला. घरी दोन्ही म्हणा: आधी पेंड्या दाखवत "वीस", मग सुट्या दाखवत "तीन", आणि शेवटी "तेवीस".

एकोणतीसला तीन पेंड्या मांडा, एकीचं रबर सोडा, त्यातली एक काडी काढून घ्या. तीसला एक उणा, तो एकोणतीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठही आकडे असेच निघतात. नव्व्याण्णव तेवढा वेगळा, तो नव्वदाच्या पुढं नऊ सुट्या काड्या मांडूनच दाखवा.