सकाळचा पहिला ब्रेक दगडासारखा कडक, पॅड दोनदा बदलून झाले, आता काय करू?

घोडबंदरचा_वैतागलेला:
नमस्कार मंडळी. राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोली. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षं झाली, ४१ हजार किमी, पुढे डिस्क मागे ड्रम. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर "तरी मी सांगत होतो ती घेऊ नको" सुरू होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

आमचं पार्किंग पोडियमवर आहे, म्हणजे गाडी चालू केली की लगेच रॅम्प उतरायचा. तिथे पहिला ब्रेक मारला की पेडल दगड. अक्षरशः उभं राहून दाबावं लागतं आणि गाडी तरी चार फूट पुढे सरकतेच, वॉचमन एकदा खुर्ची टाकून पळालाय. जरा रेस दिली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नीट लागतो. मग दिवसभर बरं म्हणावं तर मानपाडा, कापूरबावडी सिग्नलला एसी चालू असताना गाडी थरथरते, आरपीएम वरखाली होतो, आणि बॉनेट उघडून कान लावला तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक आवाज येत राहतो.

गेल्या रविवारी गायमुखच्या उतारावर ट्रॅफिक सरकत होतं, दाब सोड दाब सोड चाललेलं, आणि पुढचा कंटेनर थांबला तेव्हा पेडल परत कडक. थांबली गाडी, पण हँडब्रेक ओढून. बायको आता त्या रस्त्याने यायला तयार नाही.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. आधी पॅड बदलले, मग "पॅड ग्लेझ झालेत सर" (म्हणजे काचेसारखे गुळगुळीत) म्हणून परत पॅड, तिसऱ्यांदा ॲडव्हायझर म्हणाला या मॉडेलचं पेडल असंच असतं, सवय होईल. आता म्हणतायत मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑईलमध्ये ढकलणारा पंप) बदलूया, एस्टिमेट ७,८००. करू का?

ऐरोलीकर:
सेम टू सेम भावा, फरक एवढाच की माझं पेडल कडक नाही तर स्पंजसारखं होतं, दाबलं की खाली खाली जायचं. ब्रेक ऑईल बदलून लाईनमधली एअर काढली, संपलं. तू पण एअर काढून बघ.

नेरूळचे_काका:
ऐरोलीकर, मग ते सेम टू सेम कसं झालं? कडक आणि स्पंजी ही दोन वेगळी दुखणी आहेत बाबा. तीस वर्षं वर्कशॉपात काढली, निम्मे लोक येऊन "ब्रेक लागत नाही" एवढंच सांगायचे आणि समोरचा पोरगा पॅड बदलून मोकळा व्हायचा. पेडल पायाला कसं लागतं ते सांगा, निम्मं निदान तिथेच होतं.

पेडल मऊ असेल तर लाईनमध्ये हवा. पाय दाबून ठेवल्यावर हळूहळू तळाला जात असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल तर मास्टर सिलिंडरचे सील गेले. स्टिअरिंग थडथडत असेल तर डिस्क. आणि तुझ्यासारखं दगड झालं असेल तर आधी बुस्टर आणि त्याची व्हॅक्यूमची नळी बघायची, मास्टर सिलिंडरचा नंबर बराच नंतर.

बुस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बॉनेटमध्ये जो काळा मोठा डबा असतो तो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, हा डबा तुझ्या पायाला मदत करतो. नळी चिरली असेल किंवा त्यातला एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह गेला असेल तर डब्यात व्हॅक्यूम साठत नाही. साठा नाही म्हणून सकाळी पहिला ब्रेक कडक, उतारावर दोनचारदा दाबलं की परत कडक, आणि चिरेतून जास्तीची हवा आत जाते म्हणून सिग्नलला थरथर. सगळं जुळतंय.

घरीच बघ. गाडी बंद असताना पेडल पाचसहा वेळा दाब, कडक होईल, ते नॉर्मल आहे. पाय तसाच दाबून ठेव आणि स्टार्टर मार. बुस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली जरासं खाली जातं. नाही गेलं तर गडबड. दुसरं, गाडी थोडी फिरवून बंद कर, पाचदहा मिनिटं थांब आणि मग दाब. पहिला ब्रेक मऊ लागला पाहिजे. लगेच कडक म्हणजे व्हॅक्यूम पळून जातोय.

आणि एक विचारतो, खरं सांग, गायमुखला गाडी न्यूट्रलला होती ना?

घोडबंदरचा_वैतागलेला:
हो काका. पेट्रोल वाचतं म्हणून.

नेरूळचे_काका:
काही वाचत नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतार उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जळतच राहतं. वर गाडीला रोखून धरणारा इंजिनचा रेटा जातो तो वेगळा. दुसऱ्या गिअरला उतर.

खारघर_ते_कल्याण:
काकांना हजार मोदक 🙏 मी न्यूट्रलचा धडा माळशेज घाटात शिकलो. पूर्ण घाट ब्रेकवर उतरलो, खाली येईपर्यंत जळका वास आणि पेडल पार तळाला. ऑईल चार वर्षं बदललेलंच नव्हतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, डॉट ३ ग्रेडचं ऑईल नवीन असताना २०५ डिग्रीच्या आत उकळायचं नाही असा नियम आहे, पाणी मुरलेल्याला तोच आकडा १४० वर येतो. उकळलं की वाफ आणि वाफ दाबली जाते, मग चाकापर्यंत जोर जाणार कसा. अर्धा तास कडेला थांबलो तेव्हा पेडल वर आलं. आता दर दोन वर्षांनी न चुकता बदलतो. झाकणावर जे लिहिलंय तेच टाका, दुकानदार म्हणतो म्हणून डॉट ५ टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्याकडच्यात मिसळायचं नाही.

कळव्याची_ताई:
विषय थोडा वेगळा पण पावसाळा आहे म्हणून सांगते. कोणी हँडब्रेक ओढून चारपाच दिवस गाडी उभी ठेवली असेल तर मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात, मी गावाहून आले तर गाडी जागची हलेना, ओढून नेली तर मागचं एक चाक न फिरता घासत चाललेलं. मेकॅनिकने ड्रमवर हातोडीने चार टोले दिले तेव्हा सुटली, पाचशे रुपये. आता सपाट जागा बघून पहिल्या गिअरला लावते आणि चाकाखाली वीट. सकाळी डिस्कवर गंज धरून खर्र खर्र येतं ते मात्र दोन ब्रेकमध्ये जातं, त्याला घाबरू नका.

बरं ते जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली कडकड होतं ते काय? आमचे हे म्हणतात ब्रेक तुटला.

नेरूळचे_काका:
एबीएस आहे ते ताई. चाक लॉक होऊ नये म्हणून भराभर सोडतं धरतं. पाय काढायचा नाही, दाबून धरायचा. आणि ह्यांना सांगा तुटलेला ब्रेक कडकड करत नाही.

घोडबंदरचा_वैतागलेला:
अपडेट. काकांच्या दोन्ही टेस्ट केल्या, दोन्हीत नापास. माजिवड्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. त्याने नळी काढून माझ्यासमोर बोटात वाकवली, सरळ असताना काही दिसत नव्हतं, वाकवल्यावर क्लिपच्या मागे नखाएवढी चीर उघडली, कडा पार कडक काळी. मग व्हॉल्व्ह काढून फुंकला. बुस्टरच्या बाजूने हवा गेली, ते बरोबर. उलट्या बाजूने फुंकली तरी गेली! मला म्हणाला तुम्ही फुंका. फुंकली. अर्धा दिवस तोंडात पेट्रोलची चव.

नळी, व्हॉल्व्ह, मजुरी मिळून १,१५०. आज सकाळी रॅम्पवर सवयीने उभा राहून ब्रेक मारला तर डोकं काचेला लागता लागता राहिलं.

आता पहिल्या वेळच्या पॅडचं काय? ते फक्त सहा हजार किमी चालले होते.

खारघर_ते_कल्याण:
जुने पॅड मागून घेतले होते का? जाडी दिसली असती. दोन्ही बिलं आणि नळीचा फोटो लावून आधी सर्व्हिस मॅनेजरला मेल टाक, तोंडी बोलू नको. उत्तर नाही आलं तर १९१५ ला फोन, ग्राहक हेल्पलाईन आहे.

घोडबंदरचा_वैतागलेला:
पॅड नाही मागितले 😑 नळी आहे, डिकीत टाकलीये.